अण्णाची स्क्रीन

कन्नड मुलखातल्या चामराजपेटेत लग्नमुंजींच्या पत्रिका करून देणारे धनोजीराव मुळातच तिरसट. थोरला भाऊ, बिनलग्नाचा लक्ष्मोजीअण्णा, वारल्यापासून तर ते गिऱ्हाइकाशीही धड बोलेनात. अण्णाचा मॉनिटर विकून टाका म्हणणाऱ्या मेव्हण्याला त्यांनी दुकानाबाहेर काढलं आणि तो मॉनिटर आपल्याच कॉम्प्युटरला दुसरा म्हणून जोडायचा हट्ट धरला.

विंडोज ९८ मध्ये ते जमतं, असं कानावर आलं होतं. डबा उघडून त्यांनी दुसरं डिस्प्ले कार्ड बसवलं, वायर खोचली. स्क्रीन उजळली, पण माउसचा बाण काही तिकडे जाईना. अण्णा डावीकडे बसायचा, म्हणून मॉनिटरही डावीकडे ठेवलेला. कॉम्प्युटर मात्र त्याला उजवीकडचा समजत होता. "स्वल्प सरक, अण्णा," असं पुटपुटत त्यांनी सेटिंगमधला दोन नंबरचा चौकोन ओढून डावीकडे आणला. बाण सुळकन पलीकडे गेला.

मग अण्णाच्याच वर्षश्राद्धाची पत्रिका त्यांनी तिकडे सरकवली, आणि ते पुढे वाकले. अण्णाच्या नावाच्या वर, कन्नड अक्षरांत, फिकट 'शुभविवाह' दिसत होतं. डिलीट दाबलं, फडकं मारलं, जाईना. अण्णा वर्षानुवर्षं लग्नपत्रिकेचा एकच नमुना उघडा ठेवायचा. त्या अक्षरांनी काच आतून करपली होती.

पत्रिका परत ओढायला त्यांनी माउस धरला आणि सोडून दिला. निम्म्या पेठेच्या लग्नपत्रिका अण्णाने केल्या होत्या. त्या शब्दाखाली त्याचं स्वतःचं नाव आज पहिल्यांदाच आलं होतं.