बर्गनमध्ये लेकीच्या हातचं जेवण

बर्गनची तिकिटं काढली ती माझ्या हट्टापायी. आमची हर्षू नॉर्वेतल्या त्या शहरात एका भारी मासळीच्या रेस्टॉरंटमध्ये शेफ आहे. नाना, म्हणजे आमचे हे, इतकी वर्षं अमळनेरभर सांगत फिरले की पोर कंपनीत आहे. इंजिनिअर झालेल्या मुलीनं लोकांसाठी चूल फुंकावी, हे त्यांच्या पचनी पडेना. मी म्हटलं, एकदा तिच्या हातचं जेवा, मग काय ते बोला.

अमळनेरहून रेल्वेनं मुंबई, पुढे दोन विमानं. बर्गनच्या विमानतळावरून शहरात ट्राम येते, टॅक्सीच्या नादी लागू नका. पाऊस तिथे मुक्कामालाच असतो आणि वाऱ्यानं छत्री उलटते, म्हणून रेनकोट न्या. मासळीबाजार जरूर बघा, फक्त भाव रुपयांत मोजू नका. रेस्टॉरंटचं बुकिंग बरंच आधी करावं लागतं, पैसेही आधीच भरावे लागतात. आकडा मी नानांना सांगितलाच नाही.

जागा खाडीकाठी. समोर उघडं स्वयंपाकघर, त्यात पांढऱ्या कोटातली हर्षू. पहिल्या बशीत शिंपल्यावर एकच घास आला.

"इतलुसं? काय शे हाई?" नाना म्हणाले.

"अजून बरंच येणार आहे, गप्प खा," मी म्हटलं.

मग समुद्री शेवाळ आलं, राय नावाच्या धान्याचा काळपट पाव आला, कच्ची कोळंबी आली. ती मी डोळे मिटून गिळली आणि चक्क आवडली! नाना मात्र एकेक बशी संपवून बाजूला सारत होते. यांच्या तोंडून स्वयंपाकाचं कौतुक मी लग्नापासून ऐकलेलं नाही. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत आचारी यांच्या हाताकडे डोळे लावून असतात. नानांनी दुसऱ्यांदा मागितलं, तर जेवण जमलं. मीही हाताकडेच बघत होते.

मग हर्षूनं स्वतः केलेला कॉड मासा आला. लोणी, धुराचा वास, वर हिरवागार शेपू. ना तिखट, ना काळा मसाला. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

नानांनी बशी पावानं पुसून घेतली आणि वेटरपुढे धरली. "आखो वाढ, भाऊ!"

तिथे प्रत्येक पदार्थ एकदाच येतो, हे यांना कोण सांगणार? वेटर गोंधळून आत गेला. थोड्या वेळानं दुसरी बशी घेऊन हर्षूच बाहेर आली.

"नाना, खरंच पाहिजे?"

"मंग? उगाच मांगस का मी?"

पोरीला तिथेच रडू फुटलं. मलाही. शेजारच्या टेबलावरची मंडळी बघत होती, बघू देत! आम्ही दोघी जिंकलो होतो.

घरी येऊन महिना झाला. खाडी, ट्राम, त्या बशा, सगळं आता थोडं पुसट झालंय. परवा नानांचे जुने मित्र चहाला आले होते. त्यांनी सहज विचारलं, "नाना, तुमनी पोर कोनती कंपनीमा शे?"

मी कप हातात धरून दारातच थांबले.

"कंपनीमा नई," नाना म्हणाले. "हॉटेलमा शे. मासा रांधस मनी पोर. तिना हातनं खाईसन उनू मी."