हिरव्या दगडाच्या कार्डावरची तिसरी ओळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी अक्काचं नाव घेतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीत जिंतूरकडच्या आमच्या वस्तीतली घरं जळाली. आमचंही जळालं. मी परभणीचं कॉलेज सोडून गावी आलो. जळके वासे ओढून बाजूला करता करता अक्का म्हणाली, "घर मी उभं करते. तू हितं बसून राखंचं लोणचं घालणार हायस का? जा माघारी."

घर उभं करायचं म्हणून ती गावातल्या मालकाच्या नव्या विहिरीच्या कामावर गेली. सुरुंगानं काळा पाषाण फुटला की बायांनी पाट्या भरून मलबा वर काढायचा. एकदा फुटलेल्या दगडात पोकळी निघाली, आणि आत काचेसारखे हिरवेगार चौकोनी खडे. आमच्याकडे असल्या सगळ्या दगडांना गारगोटीच म्हणतात. बाकीच्यांनी गारगोटी म्हणून फेकून दिले. अक्कानं एक गड्डा पदरात बांधला आणि माझ्या परभणीच्या खोलीवर आणून दिला. "तू दगडाचंच शिकायलायस ना? बघ, कामाचा हाय का."

भूगर्भशास्त्राच्या सरांनी तो हातात घेतला आणि खुर्चीतून उठलेच. "अपोफिलाइट! पांढरा पुष्कळ मिळतो रे. हिरवा फार क्वचित." नावाचा अर्थही त्यांनी तेव्हाच सांगितला. ग्रीक भाषेत 'अपो' म्हणजे दूर आणि 'फिलॉन' म्हणजे पान. एक कपची त्यांनी दिव्याच्या ज्योतीवर धरली. ती फुगली आणि तिचे पापुद्रे सुटून टेबलावर पडले. तापवलं की पानं गळतात, म्हणून हे नाव. त्या क्षणी मला सरांचे पाय धरावेसे वाटले. एवढं सुंदर शिकवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

विभागात काचेचं कपाट होतं. प्रत्येक दगडापुढे एक कार्ड असायचं. पहिल्या ओळीत दगडाचं नाव, दुसऱ्या ओळीत गाव, तिसऱ्या ओळीत देणाऱ्याचं नाव. अक्काला मी आधीच सांगून बसलो होतो, की तुझं नाव काचेत लागणार.

सरांनी पेन उचललं. "विहीर कुणाची?"

मी मालकांचं नाव सांगितलं. ते त्यांनी तिसऱ्या ओळीत लिहिलं.

"सर, आणला माझ्या बहिणीनं."

"अरे, विहीर तिची आहे का? ज्याची जमीन त्याचा दगड."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्यांना समद्या पाट्यावर आपलंच नाव पायजे असतंय!" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी शाई फुंकून कार्ड दगडापुढे ठेवलं.

पुढच्याच महिन्यात अक्का कपाट बघायला आली. कामाच्या हजेरीपटावर अंगठा नको म्हणून मी तिला तिचं नाव लिहायला शिकवलं होतं. तेवढीच अक्षरं तिला येत. काचेला नाक लावून ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्यात माजं न्हाई."

"नाही."

"मंग कुणाचं हाय?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या हिरीचं पाणी भरू देत न्हाईत आमाला. अन् दगूड बी त्यायचाच?" मग पदर सावरून म्हणाली, "चल, यष्टी चुकंल."

पदवीच्या शेवटच्या वर्षी सरांनी मला बोलावलं. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी त्या दगडाचं नाव सुधारलं होतं. आता 'फ्लुओरअपोफिलाइट' लिहायचं. व्यापारी जुनंच नाव चालवतील, पण अभ्यासात पूर्ण नाव हवं. माझं अक्षर चांगलं, म्हणून नवी कार्डं मी लिहायची. वर्गात कुणी हरकत घेतली नाही. सगळ्यांनी जुन्या नावाआधी तेवढं जोडून वहीत उतरवलं आणि घरी गेले. कुणाच्या छपराला काडी लागली नाही. मी विचारलं, "सर, कार्ड बदलतोच आहोत, तर तिसरी ओळही बदलू?" सर म्हणाले, "ती बरोबर आहे. ती कशाला बदलायची?" मालकांचं नाव मी माझ्या चांगल्या अक्षरात पुन्हा लिहिलं.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागायला चौऱ्याण्णव साल उजाडलं. मी तेव्हा राणीसावरगावकडे मास्तर होतो. परभणीला जाऊन आलो आणि अक्काला पत्र लिहिलं:

"ती. अक्कास, सा. न. वि. वि.

विद्यापीठाचं झालं, हे तुला कळलंच असेल. जुनं नाव तसंच ठेवून नवं जोडलंय. वस्तीत पेढे वाटले असतील. ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरी तू पेढा घेऊन जाऊ नको, नुसती जाऊन बस.

मी कॉलेजात जाऊन आलो. आपले सर आता नाहीत. दगड आहे, हिरवाच आहे. कार्डही माझ्याच अक्षरातलं आहे. नव्या साहेबांना तिसऱ्या ओळीचं विचारलं. ते म्हणाले, जुनं रेकॉर्ड आहे, हात लावता येत नाही. मी भांडलो नाही. नोकरी आहे, लेकरं आहेत.

माझ्या शाळेत कपाट नाही, पण दगडांचा धडा आला की मी तुझं नाव घेऊन शिकवतो. पोरं वहीत लिहून घेतात. त्याने काही होत नाही, हे मला ठाऊक आहे.

इथवरचं पत्र तुझ्या पोरीकडून वाचून घे. खालची ओळ तुला येतात तेवढ्याच अक्षरांत, मोठी लिहिली आहे. ती तुझी तू वाच."