जड म्हणून घेतलेलं मेंडोलिन

माझा हात वजनाला कधी चुकला नाय. मखमलाबादच्या मळ्यातून फ्लावर-कोबी घेऊन मी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात बसते, त्याला वीस वर्षं उलटून गेली. गड्डा नुसता उचलला की सांगते, भरलेला हाय का पोकळ. हलका गड्डा मी घरच्या भाजीलाही वापरत नाय. गिऱ्हाइकं म्हणतात, मैनाबाई, तुम्हीच काढून द्या, आम्ही बघत नाय. ह्या हाताचा मला लय गर्व होता, आणि ह्याच हातानं मी माझ्या नवऱ्याचं वाटोळं केलं. मला कोणी विचारत नाय, पण मी सांगणार. किती दिवस पोटात ठेवायचं माणसानं.

नवऱ्याचं नाव गोटीराम. आमच्यात बायको नाव घेत नाय, पण गोष्ट सांगायची तर एकदा घ्यावंच लागतं. ह्यांना चार माणसांत बसवलं तर तोंडातून शब्द फुटायचा नाय. पाहुणे आले की हे मोटरच्या नावाखाली विहिरीवर निघून जायचे. सासू म्हणायची, पोरगं गरीब हाय. मी म्हणायची, गरीब कसलं, घुमं हाय. पण मेंडोलिन हातात आलं की माणूस पार बदलायचा. मेंडोलिन म्हणजे आठ तारांचं लहानसं वाद्य, गिटारीच्या धाकट्या बहिणीसारखं. ते छातीशी धरलं की ह्यांची मान वर व्हायची आणि डोळ्यांत डोळे घालून समोरच्याकडं बघायचे. माझ्याकडं तसं कधी बघितलं नाय, म्हणून मला त्या वाद्याचा रागच होता. खोटं कशाला बोलू.

ते पहिलं मेंडोलिन शिकाऊ पोरांचं होतं. प्लायवूडचं, लग्नाआधी घेतलेलं. त्याच्यावरच हे बारा वर्षं पंचवटीतल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवत होते. गणपती, नवरात्र, लग्नाचे हॉल, कुठंही. दांडीवरच्या पट्ट्यांना पडदे म्हणतात, त्या खालच्या पडद्यांवर सूर बरा लागायचा, बोटं वर सरकली की सगळं बेसूर. तारा ताणायच्या चाव्या सैल झालेल्या, गाणं संपेस्तोवर दोन तारा उतरायच्या. हे गाण्याच्या मधेच त्या चाव्या पिळत बसायचे. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त म्हणायची, झाली का तुमची टिंगटिंग सुरू, तिकडं टोमॅटोला पाणी कोण देणार.

ऑर्केस्ट्रा शामसुंदर गुरुजींचा. सकाळी रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगायची आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्राची तालीम घ्यायची, असा त्यांचा दिवस. माणूस तोंडाचा गोड. सत्त्याण्णव साली श्रावणात त्यांनी ह्यांना बाजूला घेतलं. मयुरेश नावाचा एक जण कीबोर्ड घेऊन आला होता. एक बटण दाबलं की मेंडोलिन, दुसरं दाबलं की बासरी.

गुरुजी म्हणले, "गोटीराम, तुझा हात चांगला आहे, पण वाद्य खोक्यासारखं वाजतं. लोक आता कॅसेटमधला आवाज मागतात. गणपतीच्या आत चांगलं मेंडोलिन आण. नाहीतर मला मयुरेशवर भागवावं लागेल. गणपतीत जो बसला तो वर्षभर बसला, हे तुला माहीतच आहे."

त्या दिवशी हे जेवले नाय. मी म्हणलं, तब्येत बरी नाय का. तर कधी न बोलणारा माणूस म्हणाला, "वाजवणं गेलं तर मी नुसता बैल उरतो गं."

 बारा वर्षं संसार केला, ह्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हणलं, काय बैल-बिल बोलता, श्रावणातल्या फुलांचे पैसे हायेत, जाऊन घेऊन येऊ. आणि मी संगं येणार. कारण हे एकटे बाजारात गेले की दुकानदार काहीही गळ्यात मारतो. एकदा छत्री आणायला गेले आणि काडी मोडलेली घेऊन आले. दुकानदाराला बदलून द्या म्हणायचं तोंड झालं नाय म्हणून.

तर बुधवारी बाजार लवकर उरकला आणि आम्ही मेनरोडवरच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, चष्मा दोरीला बांधलेला. त्याच्याकडं दोनच मेंडोलिनं होती. एक नवंकोरं, काचेसारखं चकचकीत, मधे पिवळं आणि कडेला तपकिरी. दुसरं वापरलेलं, पॉलिश उडालेलं, कडेला ओरखडे. म्हाताऱ्यानं ते जुनंच आधी ह्यांच्या हातात दिलं.

"हे घ्या, माझं ऐका. वरची पाटी अखंड लाकडाची आहे. नवं दिसायला छान, पण पाटी प्लायची, वर पॉलिशचा थर. तुमच्याकडे प्लायचं आहे म्हणता, त्याचंच हे नवं थोरलं भावंड."

हे दोन्ही वाजवून बघायला लागले. जुनं धरलं, एक तुकडा वाजवला. नवं धरलं, तोच तुकडा वाजवला. परत जुनं. मला दोन्हीकडं टिंगटिंगच ऐकू येत होती. मी म्हाताऱ्याकडं बघत होते. बाजारात आम्ही काय करतो? कालचा उरलेला माल पुढं मांडतो, ताजा मागं ठेवतो. गिऱ्हाइकाला म्हणतो, ताई हेच घ्या, माझं ऐका. म्हाताऱ्याचं ते 'माझं ऐका' ऐकलं आणि मी मनात म्हणलं, बाबा, तू मला शिकवतोस होय.

मी पुढं झाले. दोन्ही मेंडोलिनं उचलली, एक ह्या हातात, एक त्या हातात. जुनं हलकं, पिसासारखं. आत काहीच नाय. नवं चांगलं भरलेलं, जड. मी म्हणलं, "अहो, हे जुनं पार पोकळ हाय. आतून खाल्लेलं असणार. हे नवं घ्या, हे वजनदार हाय."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. म्हणला, "बाई, हलकं आहे म्हणूनच ते बोलतं."

मी म्हणलं, "माल खपवायचा असला की आम्ही पण असंच बोलतो, बाबा."

मग हे माझ्याकडं बघत राहिले. बराच वेळ. आणि म्हणले, "नवंच द्या."

घरी येताना मी तोऱ्यात होते. वाटेत म्हणलं पण, बघा, मी नसते तर जुनं लाकूड घेऊन आला असता. हे हसले.

शुक्रवारी दुपारी तालीम होती, शाळेच्या हॉलमध्ये. मी कधी जात नव्हते, पण त्या दिवशी गेले. माझ्या पारखीचं कौतुक ऐकायला गेले, दुसरं काय. ह्यांनी मेंडोलिन माइकसमोर धरलं आणि सुरू केलं. मला सुरातलं काही कळत नाय, पण माणसांची तोंडं मला वाचता येतात, तो तर आमचा धंदाच हाय. ढोलकीवाल्यानं मान खाली घातली. मयुरेश खिडकीबाहेर बघायला लागला. हे जोर लावत होते, हातातली प्लास्टिकची पट्टी तारांवर अशी काय फिरत होती, कपाळावरनं घाम गळत होता, आणि आवाज त्या खोक्यातून बाहेरच येईना. टिचकी मारल्यासारखा यायचा आणि जागेवर मरायचा.

गुरुजींनी हात वर केला. सगळे थांबले तरी हे थांबले नाय, ते वाजवतच होते. गुरुजी जवळ आले आणि ह्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"गोटीराम, हे तुझ्या आधीच्यापेक्षा मुकं आहे रे. कुणी निवडलं?"

हे मेंडोलिनच्या चाव्या पिळायला लागले. मी मागच्या बाकावर बसले होते, मी निवडलं असं सांगायला उठले नाय. एरवी मी कुणाला ऐकत नाय. गुरुजी म्हणले, मंगळवारपर्यंत बघतो, त्यापुढं माझ्या हातात नाही.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघं पायरीवर जाऊन बसलो. म्हातारा आला, त्यानं आमच्याकडं बघितलं आणि कुलूप न काढताच म्हणला, "गेलं ते. परवा सिन्नरचे एक मास्तर आले होते, मुलीसाठी घेऊन गेले." दुसरं मुंबईहून मागवायला महिना लागणार होता.  म्हातारा मला चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं, पण त्यानं ह्यांना नवीन तारांचा जोड दिला, पैसे घेतले नाय.

त्या तारा घातल्या. तारांखालची घोडी घासून खाली केली. हे दोन दिवस कांदे साठवायच्या चाळीत वाजवत बसले. बोटांची सालं निघाली, फडकं बांधून परत बसले. मधेच थांबून मेंडोलिनच्या भोकाशी कान लावायचे, कोणी आत बोलेल म्हणून. मला ते बघवेना. आमची साई आठ वर्षांची होती, ती म्हणाली, आई, बाबांना डॉक्टरकडं ने.

सोमवारी सकाळी मी बाजाराचं सांगून निघाले. नवं मेंडोलिन चादरीत गुंडाळून पाटीत ठेवलं आणि सिन्नरची एसटी धरली. म्हाताऱ्याकडनं मास्तरांचा पत्ता घेतला होता. देवाला म्हणलं, एवढं एक कर.

मास्तर शाळेत गेले होते. घरी त्यांची बायको, इंदिराबाई, आणि अकरा-बारा वर्षांची मुलगी, स्वानंदी. मी पाणी पण घेतलं नाय, सरळ सांगितलं. म्हणलं, माझ्या हातनं चूक झाली, माझ्या माणसाचा वर्षाचा प्रश्न हाय, तुम्ही हे नवंकोरं घ्या, मला ते जुनं द्या. वर काय पाहिजे ते सांगा. वर्षभर भाजी आणून टाकते. मी त्या बाईपुढं पदर पसरला. आयुष्यात कुणापुढं पसरला नव्हता.

इंदिराबाई भली बाई होती. मुलीला म्हणाली, "स्वानंदी, दोन्ही वाजवून बघ बाळा. तुला चालत असेल तर देऊ आपण."

मुलीनं आधी तिचं जुनं घेतलं. तिला वाजवता येत नव्हतं, चार दिवस तर झाले होते. तिनं नुसती एक तार छेडली आणि हात काढला. आवाज राहिला. हात काढल्यावर पण तो खोलीत राहिला, माझ्या अंगावर आला. मग तिनं माझं नवं घेतलं, तीच तार छेडली. काही नाय. हात काढायच्या आत संपला.

मुलीनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला वाईट वाटलं असणार, ती हळू म्हणाली, "काकू, हे नको."

धड शिकलेली पण नाय, त्या पोरीला कळलं. मला पण कळलं, जिला आयुष्यभर टिंगटिंग ऐकू आली होती. मी उठले. इंदिराबाई दारापर्यंत आली, म्हणाली, "तुमचे मिस्टर एवढे वाजवणारे, मग त्यांनी हे कसं निवडलं?"

मी म्हणलं, "त्यांनी नाय. मी."

घरी पोचले तेव्हा हे फ्लावरला पाणी देत होते, बोटांना फडकं बांधून. मी पाटी बांधावर ठेवली. चादर सोडली. कुठं गेले होते ते सगळं सांगितलं. म्हणलं, मी ऐकलं हो. त्या पोरीनं तार छेडली आणि मी ऐकलं. एवढा फरक असतो, तर मला कोणी आधी सांगितलं का नाय?

हे दारं धरत होते, पाणी दुसऱ्या सरीला वळवलं, मग म्हणले, "मला दुकानातच कळला होता."

 म्हणलं, "मग बोलला का नाय? तोंड होतं ना तुम्हाला?"

"बारा वर्षांत तू पहिल्यांदा माझ्यासंगं आलीस," हे म्हणले. "माझं वाद्य पहिल्यांदा हातात घेतलंस. त्या म्हाताऱ्यापुढं तुला खोटी पाडू काय?"

मंगळवारी हे तालमीला गेलेच नाय. गणपतीत मयुरेश बसला. आता दोन हजार पाच चालू हाय, साई कॉलेजला जाते, हे माझ्यासंगं बाजारात येऊन बसतात, पोती उचलतात, सुट्टे देतात. कोणी विचारलं तर म्हणतात, सोडलं ते, जमत नव्हतं. माझं नाव कधी घेतलं नाय. घेतलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. बारा वर्षं मी ह्यांना टोमणे मारले, पाणी द्या म्हणलं, टिंगटिंग बंद करा म्हणलं, आणि ह्यांनी एक शब्द मनावर घेतला नाय, आपलं वाजवत राहिले. एकदाच मी मायेनं बोलले, हे वजनदार घ्या म्हणून, आणि नेमकं ते ह्यांनी ऐकलं.