सावित्रीला जामीन नाही

आमची काकी कुणालाही माफ करत नसे, आणि हे ती आल्यागेल्याला अभिमानाने सांगे. लग्नात नणंदेने तिला शेवटच्या पंगतीला बसवलं होतं. त्या नणंदेला काकीच्या घरातल्या एकाही कार्यात पहिल्या पंगतीचं ताट मिळालं नाही. पण हे किरकोळ. तिचं खरं वैर होतं सावित्रीशी, आमच्या महाडच्या नदीशी.

काकांचं बाजारात बांगड्या-टिकल्यांचं दुकान होतं. पुराचं पाणी चढायला लागलं तेव्हा ते माल माळ्यावर टाकायला म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. पाणी ओसरल्यावर आम्ही पार दासगावपर्यंत शोधलं. काही म्हणजे काही सापडलं नाही. काकी घरातल्या चिखलात उभी होती. मला म्हणाली, "तू कोर्टात हायस ना गो? नदीवर केस लागते का?" मी साधी कारकून. नाही लागत, म्हणाले. "बरं, मग मीच बघते."

दुकानाच्या काउंटरची जाड काच तेवढी शाबूत राहिली होती. तिला आणखी काचा जोडून काकीने पडवीत टाकी बांधून घेतली, माणूस आडवा झोपेल एवढी. तिच्यात नदीची वाळू, नदीचे गोटे, नदीचं पाणी भरलं आणि समोर पाट मांडून बसली. "माझ्या घरात घाण टाकून गेलीस ना? आता बस इथं, नि तुझी घाण तूच साफ कर. माझा माणूस आणून दिलास की सोडीन."

पहिल्या खेपेला तिचं चुकलं. कुठल्याही टापटीप बाईचं चुकलं असतं. वाळू-गोटे तिने ब्लीचिंग पावडर घालून भांड्यांसारखे लख्ख घासले होते. मासे सोडल्यावर पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि मासे उलटे तरंगायला लागले. मासेवाल्या दुकानदाराने पाणी गाळायचं मशीन सुचवलं, तर त्याच्यावरच उखडली. "काम तिनं करायचं हाय, मशीननं नाय."

मग आम्ही पुन्हा नदीवर गेलो. या वेळी गोटे त्यांच्यावरच्या बुळबुळीसकट ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले. त्या बुळबुळीतले जीव माशांची घाण फोडतात आणि झाडांची मुळं ती शोषून घेतात, हे मला नंतर कळलं. काकीने टाकीच्या वर खडी भरलेली एक लांबट कुंडी बसवली, तिच्यात कर्दळ आणि अळू लावला. एक लहानशी मोटर पाणी कुंडीत चढवी. खडीतून, मुळांतून झिरपत ते पुन्हा टाकीत पडे. काचेवरचं शेवाळ गोगलगायी खात. मासे तिने घाई न करता थोडेथोडेच सोडले. पाणी असं नितळ झालं की पलीकडच्या भिंतीवरचा काकांचा फोटो टाकीतून दिसे. वीज गेली की काकी तांब्या घेऊन स्वतः पाणी वर चढवायला लागे. "सुट्टी नाय तिला," म्हणे.

नदी दुथडी भरली की गल्लीतल्या बायका खण-नारळ घेऊन तिची ओटी भरायला जात. काकीला बोलवायची चूक एकीने एकदाच केली. "न बोलावता घरात शिरली, माणूस घेऊन गेली, नि तिची ओटी भरू?" उन्हाळ्यात मात्र टाकीच्या काचेवर ती ओलं फडकं टाके. मी हसले तर म्हणाली, "सवत हाय माझी. पण सवतीला तळमळत ठेवली, असं कोण बोलायला नको." खरं सांगते, हा सूड मलाही गोड लागे. कोर्टातून आल्यावर टाकीसमोर चहा घेताना मी मनात म्हणे, राब आता.

एका पावसाळ्यात पाणी पुन्हा गल्लीत शिरलं. आम्ही काकीला ओढत होतो आणि ती पडवीच्या पायरीवर ठाण मांडून पाण्याला विचारत होती, "सोडवायला आलीस? नि रिकाम्या हातानं?" पाणी खालच्या पायरीला लागलं आणि संध्याकाळपर्यंत उतरलं. खाडीच्या भरतीची वेळ टळली म्हणून वाचलो, असं सगळे म्हणाले. काकीने कुणाचं ऐकलं नाही.

यंदा काकी गेली. साधा ताप आला, तो छातीत उतरला. भाऊबंद म्हणाले, राख सावित्रीत सोडू, निदान आता तरी दोघांची भेट होईल. त्या बोलण्याने मीसुद्धा क्षणभर डळमळले. पण दवाखान्यात माझं मनगट घट्ट धरून ती म्हणाली होती, "माझी राख तिला द्यायची नाय गो. एक माणूस नेला, तेवढा पुरे." मी सगळ्यांशी भांडले आणि राख तिच्या माहेरी, शिवथरला, फणसाखाली पुरली. चिमूटभर मागे ठेवली होती. ती कर्दळीच्या मुळाशी घातली.

आता सावित्रीचं पाणी रोज वर चढतं, काकीच्या पायाशी येतं आणि गाळून खाली जातं. परवा चुलतभाऊ आला होता. म्हणाला, "काकी गेली, आता तरी हे पाणी नदीत सोडून दे."

"काकांना आणलंस?" मी विचारलं.

तेवढ्यात वीज गेली आणि मोटर थांबली. मी उठले आणि तांब्या घेतला.