तंबाखूच्या खोडांवरचा चहा

ऐंशीच्या दशकात मी निपाणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. लाकूड बंद भांड्यात तापवलं की जळणारं स्पिरिट मिळतं, असं वर्गात दरवर्षी सांगायचे. करून कधी पाहिलं नव्हतं. तंबाखूची खोडं तर आसपासच्या शेतांत नुसती वाळत पडलेली असायची. एकदा प्रयोगशाळेतले वयस्कर शिपाई आप्पा यांना म्हटलं, "आप्पा, तुमच्या शेतातली थोडी खोडं आणाल?"

"खोडातनं इंधन? लई झालं, बाई!" ते हसले, पण दुसऱ्या दिवशी भारा घेऊन आले.

आठवडाभर आम्ही खोडं तापवली, धूर थंड करून काळं पाणी जमवलं आणि ते पुन्हा पुन्हा उकळून त्याची वाफ धरली. शेजारचे वर्ग खोकून हैराण झाले. शेवटी अर्धी वाटी स्वच्छ स्पिरिट हाती आलं.

ते दिव्यात भरून काडी लावली. काहीच दिसेना. माझा चेहरा पडला. आप्पांनी वातीवर हात धरला आणि झटकन मागे घेतला.

"बाई, पेटलंय की वो!"

खिडक्या लावून अंधार केल्यावर, उजेडात न दिसणारी फिकट निळी ज्योत दिसली. आम्ही तिच्यावर कपभर चहा केला आणि अर्धा-अर्धा प्यायलो. मग दिवसभर आप्पा भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या खोडांवर च्या केलाय आज!"