उघडा राहिलेला माईक

एकाहत्तरच्या लढाईत आमची इन्फन्ट्री ब्रिगेड पूर्वेच्या सरहद्दीवर होती. मी ब्रिगेड हेडक्वार्टरमध्ये वायरलेस ऑपरेटर. धोंडिबा माझ्याच सिग्नल कंपनीतला. तो देवगाव रंगारीजवळच्या वस्तीवरचा, मेंढपाळाच्या घरातला, मी शहागंजचा. औरंगाबादकडचे आम्ही दोघंच, म्हणून जेवायला शेजारी बसायचो. हल्ल्याच्या वेळी त्याला सेट देऊन पुढच्या बटालियनसोबत पाठवलं.

सकाळी नदीकाठच्या गावावर हल्ला सुरू झाला. धोंडिबाचा आवाज साफ येत होता.

"कंट्रोल, पहिली घरं घेतली. ओव्हर."

मग तोफगोळे पडू लागले आणि त्याच्या माईकचं बटन दाबलेलंच राहिलं. असं झालं की त्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. सगळी ब्रिगेड मुकी झाली. हेडफोनमध्ये फक्त त्याचा श्वास.

थोड्या वेळानं तो बोलू लागला.

"चल गं काळे... अंधारून आलं... हुर्रर्र... तिकडं नाय, घराकडं..."

बाहेर लख्ख ऊन होतं.

ब्रिगेडिअर साहेब माझ्यामागं उभे होते. "क्या बोल रहा है?"

"घायल है, साब. भेड़ें घर ला रहा है."

ते म्हणाले, "फ्रिक्वेन्सी बदलो."

माझा हात डायलवर होता. तो हलेना.

"बदलो, बेटा."

मी बदलली. ठरलेल्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर एकेक बटालियन बोलू लागली. तोफखान्याला निशाणा मिळाला. दुपारी गाव पडलं. हुकूम बरोबर होता. नाहीतर आणखी पोरं गेली असती.

धोंडिबा एका विहिरीजवळ सापडला. माईक त्याच्या अंगाखाली दबला होता.

लढाई संपल्यावर सुट्टी मिळाली. गुलमंडीतून एक लुगडं घेतलं आणि त्याच्या वस्तीवर गेलो. त्याच्या आईनं ते मांडीवर ठेवलं, उघडलं नाही.

"शेवटाला काय बोलला का रं?"

"मेंढरं हाकत होता, मावशी. घराकडं."

तिनं माळाकडं बघितलं.

"मग? कोंडली का समदी?"

पुढचं मी ऐकलंच नव्हतं.

"व्हय मावशी," मी म्हणालो. "समदी कोंडली. मंग निजला."