सुर्वेबाई आणि खालच्या परड्यातली बाव

श्रीमती इंदुमती सुर्वे, म्हणजे आम्हा सर्वांच्या सुर्वेबाई, यांची व माझी ओळख एका चुकीमुळे झाली. मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवीत असे. बाईंनी आपल्या चित्रप्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका छापायला दिली होती. तिच्यात ‘आशिर्वाद’ असे लिहिलेले होते. मी कोणालाही न विचारता ‘शि’ दीर्घ केली आणि मग दिवसभर घाबरून राहिलो. संध्याकाळी बाई प्रूफ पाहायला आल्या, तेव्हा मीच पुढे होऊन सांगितले.

“किती शिकलास?” त्यांनी विचारले.

“नववी नापास.”

“हा मजकूर लिहिणारे गृहस्थ बी.ए. आहेत. त्यांना तुझ्याकडे शिकवणीला पाठवते,” असे म्हणून त्या हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यापासून मी दुपारी बाईंच्या घरी त्यांच्या चित्रांचे ठसे काढायला जाऊ लागलो. त्याला आता सहा वर्षे झाली. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठ्या लोकांचे लेख आहेत. बाईंच्या कलेविषयी ते अधिकाराने लिहितील. मी जे जवळून पाहिले तेवढेच लिहितो.

ज्यांनी मुद्राचित्र होताना पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघ ओढायची आणि पत्रा नायट्रिक अॅसिडात ठेवायचा. मेण खरवडलेल्या जागी अॅसिड पत्रा खाते. त्या खाचेत शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि यंत्रातून दाबून काढायचे. शेवटी सगळे रॉकेलने पुसायचे. चिरेखाणीत काम करणाऱ्या बायकांच्या हातांची बाईंची जी चित्रे नावाजली गेली, ज्यांत नखाजवळची भेगसुद्धा दिसते, ती अशी झालेली आहेत.

पत्रा अॅसिडात असताना तांबूस धूर निघे. त्या वेळी बाई मला खोलीबाहेर काढीत आणि स्वतः कोंबडीच्या पिसाने पत्र्यावरचे बुडबुडे सारीत उभ्या राहत. मी एकदा आत राहण्याचा हट्ट केला, तर म्हणाल्या, “तुझी फुप्फुसं कोरी आहेत. माझ्यावर आधीच छापून झालंय.” मी हसलो होतो. आज तो विनोद आठवला की मला माझ्या हसण्याची लाज वाटते.

वापरून मंद झालेले अॅसिड टाकण्याचे काम माझे होते. बाईंच्या घरामागे, घरासाठी चिरे काढले त्या जागी, एक जुना खड्डा आहे. पावसाचे गुडघाभर पाणीसुद्धा त्यात दोन दिवस टिकत नाही. जांभा दगड पाणी पितो, हे इथले लहान मूलही जाणते. प्यालेले पाणी खालच्या अंगाच्या बावीत, म्हणजे विहिरीत, उतरते, हेही जाणते. यातली पहिली गोष्ट आम्ही लक्षात ठेवली आणि दुसरी विसरलो. चार वर्षे, आठवड्यातून एकदा, मी बादली नेऊन त्या खड्ड्यात ओतीत असे. वाटेत थेंब सांडू नये म्हणून फार जपून नेत असे.

बाईंच्या घराखाली, पाखाडीच्या पायऱ्या उतरून गेले की तानूभाऊ गोताडांचे घर आणि परड्यातली त्यांची बाव लागते. एका सकाळी ते तांब्या घेऊन वर आले.

“बाई, गायचा पाडा ग्येला माजा. काल रवंथ सोडलान, आज उटलाच नाय. आनि ह्या बावीचा पानी बगा. तुरट लागताय. घरातली म्हनते, पत्रा चाटल्यासारका लागता.”

पत्रा हा शब्द ऐकून बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले, थुंकले, आणि ओट्यावर बसल्या. “तानूभाऊ, आजपासून हे पाणी कुणी प्यायचं नाही. घागरी माझ्या विहिरीवर भरा,” एवढेच म्हणाल्या. बाईंची विहीर खड्ड्याच्या वरच्या बाजूला आहे, म्हणून ती वाचली होती.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी पाणी तपासले. त्यात जस्त निघाले. पाडा कशाने मेला ते त्यांना सांगता आले नाही. त्याच सुमारास बाईंचे मुंबईतले मोठे प्रदर्शन दोन महिन्यांवर आले होते. ते भरवणारे गृहस्थ घरी आले होते. त्यांनी समजावले, “बाई, खड्ड्याचं नाव कशाला काढता? गुरं काय, मरतात. पावसाळा झाला की पाणी आपोआप निवळेल.”

“निवळेपर्यंत त्यांनी काय प्यावं, तेवढं सांगा,” बाई म्हणाल्या.

बाई मला घेऊन पाखाडी उतरल्या. तानूभाऊंच्या खळ्यात उभ्या राहून म्हणाल्या, “तुमच्या बावीत जे आलंय ते माझ्या कामाचं आहे. मी मागच्या खड्ड्यात ओतलं.”

तानूभाऊंच्या पत्नी जनीवहिनी भात पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “आमी पावन्याना सांगत होतो, आमच्या वरच्या बाई चित्रा काढतात म्हनून.” यापेक्षा कठोर शब्द त्या दिवशी कोणी उच्चारला नाही.

बाईंनी सांगितले, ‘मी ओतलं.’ वास्तविक ओतणारे हात माझे होते. मी बाजूला मान खाली घालून उभा होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. परतताना ‘ओतलं मी,’ असे कसेबसे म्हणालो, तर बाई म्हणाल्या, “बादली तुझ्या हातात मी दिली होती.” त्यांनी पुढे कधी तो विषय माझ्यावर येऊ दिला नाही. मी मात्र तो इथे लिहून ठेवीत आहे. लिहू का, असे बाईंना विचारले होते. “लिही. ते गाळणार असशील तर माझ्यावर काहीच लिहू नकोस,” असे त्यांचे उत्तर आले.

मुंबईचे प्रदर्शन बाईंनी सोडले, कारण त्यासाठीचे निम्मे पत्रे अजून अॅसिडात जायचे होते. उरलेल्या अॅसिडात आम्ही शिंपल्यांची पूड थोडी थोडी घालीत गेलो, फसफस थांबेपर्यंत. खाली बसलेला गाळ बरण्यांत भरला. तो कुठे टाकावा हे आम्हाला अजून कोणी सांगू शकलेले नाही, म्हणून त्या बरण्या बाईंच्या टेबलाखालीच आहेत.

तेव्हापासून बाई लाकडावर काम करतात. सुताराकडचे शिवणीचे, फणसाचे उरलेले तुकडे आणतात. दिव्याची काजळी कढवलेल्या अळशीच्या तेलात घोटून शाई करतात. ठसे झाले की शाई खोबरेलाने सोडवायची, भाताच्या कोंड्याने पुसायची, मग रिठ्याने हात धुवायचे. तो कोंडा चुलीत जातो. पहिल्या पावसाळ्यात शाई तीन आठवडे सुकली नाही आणि सबंध गठ्ठ्यावर बुरशी चढली. बाईंनी गठ्ठा बाजूला केला आणि पुन्हा काजळी धरायला बसल्या.

लाकूडही तितकेच चांगले, असे खोटे समाधान मात्र बाईंनी करून घेतले नाही. नखाजवळची भेग लाकडात येत नाही. “ती रेघ मला फार आवडायची,” असे त्या एकदा म्हणाल्या आणि पटाशी उचलून कामाला लागल्या. पूर्वी चित्रे घेणारे काही लोक आता येत नाहीत.

जनीवहिनी गेली दोन वर्षे रोज घागर घेऊन पाखाडी चढतात. बाई रहाटाकडे जाऊ लागल्या की त्या ओरडतात, “तुमी नका उटू, बाई. धाप लागताय तुमाना.”

“तुम्ही एवढं चढून येता, तुम्हाला नाही लागत?”

“लागताय तर! म्हनून तर बसतंय.” आणि त्या खरोखरच बाईंशेजारी बसतात. एकदा बाईंनी त्यांचा म्हणून लाकडावर कोरलेला हात पाहून म्हणाल्या, “ह्यो माजा नाय. माजा बोट वाकडा हाय.” बाईंनी तो ठोकळा टाकून नवा कोरला, बोट वाकडे करून.

दर वैशाखात तानूभाऊ, मी आणि चार शेजारी खालची बाव उपसतो. नवे पाणी भरले की मी बाटली कॉलेजात नेतो. दोन्ही वेळा सर म्हणाले, “कमी झालंय, पण अजून नको.” बाईंनी तानूभाऊंना सांगून ठेवले आहे की सर हो म्हणतील त्या दिवशी पहिला तांब्या त्या पितील. तानूभाऊ म्हणाले, “तवर ऱ्हावा म्हंजे झाला.”

ते सहज बोलले नव्हते. जळलेले फुप्फुस पुन्हा भरून येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. बाजारातून घरी येताना बाईंना तीनदा थांबावे लागते. अशा लेखाच्या शेवटी निरोगी दीर्घायुष्य चिंतावे, हे मला ठाऊक आहे. ‘निरोगी’ हा शब्द मी दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला, कारण बाईंना खोटे छापलेले आवडत नाही. म्हणून जे होऊ शकते तेवढेच मागतो. ती बाव स्वच्छ होईपर्यंत बाईंना आयुष्य लाभो आणि त्या दिवशी पाखाडी उतरण्यापुरता, पाणी पिण्यापुरता आणि पुन्हा वर चढून येण्यापुरता श्वास त्यांच्यापाशी असो.